इमारतीचा सांगाडा भूकंपात कुठे मोडायचा, हे आधी ठरवा

भूकंपाचं पहिलं गणित करताना नवा इंजिनिअर हमखास एका आकड्यापाशी अडतो. समजा, जमिनीच्या हादऱ्याने इमारतीवर तिच्या वजनाच्या ६० टक्के इतकं आडवं बल येऊ शकतं. कोड, म्हणजे बांधकामाची नियमावली, मात्र सांगतो, १२ टक्क्यांसाठी डिझाइन करा. मग उरलेले ४८ टक्के कुठे गेले?

ते कुठेच जात नाहीत, कारण ते सांगाड्यात येतच नाहीत. बीमच्या टोकाची सळई यील्ड झाली, म्हणजे कायमची ताणली जाऊ लागली, की त्या जागी आणखी बल साठत नाही, तिथे फक्त वाकणं वाढतं. म्हणजे ताकदीत जे कमी घेतलं ते सरकण्यात आणि वाकण्यात फेडायचं असतं. न तुटता वाकत राहण्याच्या या गुणाला डक्टिलिटी म्हणतात. भूकंपाच्या डिझाइनमधलं निम्म्याहून अधिक काम ही डिझाइन-उधारी फेडता यावी यासाठीच असतं. सॉफ्टवेअर १२ टक्क्यांचं उत्तर देऊन मोकळं होतं. फेडीची सोय आपल्याला करावी लागते.

पुढे आरसीसी फ्रेमचं, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या बीम-कॉलमच्या सांगाड्याचं, डिझाइन कोणत्या क्रमाने करायचं ते सांगितलं आहे. उदाहरणासाठी पाच मजली इमारत धरू: प्रत्येक मजला ३.२ मीटर, एकूण उंची १६ मीटर, दोन्ही दिशांना ४.५ मीटरचे तीन-तीन गाळे, एकूण १६ कॉलम. हे सगळं समजून घेण्यासाठी आहे. प्रत्यक्ष डिझाइन तुमच्या भागातल्या कोडनुसार आणि जबाबदार स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनेच व्हायला हवं.

पायरी १: नकाशा पक्का होण्याआधी बोला

सांगाड्याचं नशीब बरंचसं आर्किटेक्टच्या पहिल्या रेखाटनात ठरतं. कॉलम पायापासून गच्चीपर्यंत सलग असावेत आणि बीम कॉलमच्या मध्यावर यावेत. एकाच बीमवर वरचा कॉलम उभा करायचा, म्हणजे ज्याला तरंगता कॉलम म्हणतात तो प्रकार, शक्यतो नकोच. जिना आणि लिफ्टच्या भिंती एका कोपऱ्यात गेल्या तर इमारत हादऱ्यात सरळ सरकण्याऐवजी पिळवटते आणि पलीकडच्या टोकाचे कॉलम सगळ्यात जास्त सोसतात. नकाशा अगदी सममित असला तरी बहुतेक कोड लांबीच्या ५ टक्के इतकी अपघाती विकेंद्रता (वजनाचं केंद्र बाजूला सरकलेलं) धरायला लावतात, कारण वजन कागदावर दाखवल्याप्रमाणे कधीच बसत नाही.

सगळ्यात जास्त भांडावं लागतं ते मोकळ्या तळमजल्यावरून. वर भिंतीच भिंती आणि खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम, अशा इमारतीत वरचे मजले एका ताठ खोक्यासारखे वागतात. सगळं सरकणं खालच्या एका मजल्यात गोळा होतं. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून जास्त अंतरावरच्या अहमदाबादेत अशा इमारती कोसळल्या. त्याच्या ३० वर्षं आधी, १९७१ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सॅन फर्नांडोच्या भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाच्या मुख्य इमारतीचं हेच झालं होतं. ती नुकतीच बांधलेली होती. वरचे मजले बऱ्यापैकी शाबूत राहिले आणि खालचा भाग अर्ध्या मीटरहून जास्त कलला. तिथल्या एका गोष्टीकडे आपण पायरी ६ मध्ये परत येऊ.

पार्किंग नकोच असं म्हणून मालक ऐकत नाही, तेव्हा तो वाद घालण्यात अर्थ नाही. खाली दोन्ही दिशांना शिअर वॉल (आडवं बल पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) द्या, त्या पायापर्यंत न्या, आणि तळमजल्याचा ताठपणा वरच्या मजल्याशी ताडून पाहा.

पायरी २: काळ, बल आणि त्याची वाटणी

इमारतीला एकदा ढकलून सोडलं तर एक झोका पुरा व्हायला लागणारा वेळ म्हणजे तिचा नैसर्गिक काळ. आरसीसी फ्रेमसाठी आयएस १८९३ (भारताचा भूकंपाचा कोड) आणि युरोकोड ८ (युरोपचा) या दोन्हींत एकच ढोबळ सूत्र आहे: उंचीचा ०.७५ वा घात गुणिले ०.०७५. आपल्या इमारतीसाठी १६ चा ०.७५ वा घात ८, म्हणजे काळ ०.६ सेकंद.

हा आकडा जमिनीशी ताडून पाहावा लागतो. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत केंद्र साडेतीनशे किलोमीटर लांब असूनही हाहाकार झाला. शहराचा बराच भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर आहे आणि तो गाळ साधारण २ सेकंदांच्या काळाने डोलत होता. त्याच्याशी ताल जुळलेल्या मध्यम उंचीच्या इमारतींना जास्त मार बसला, बुटक्या इमारती तुलनेने बचावल्या. म्हणून मातीचा अहवाल हातात येण्याआधी स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या काळाच्या इमारतीवर किती बल येईल याचा आलेख, निवडू नका. ‘मध्यम माती’ असं गृहीत धरून पुढे जाण्याची सवय मला आळशीपणाची वाटते.

आता बल. प्रत्येक मजल्याचं वजन २००० किलोन्यूटन धरलं तर एकूण १०,००० होतं. स्पेक्ट्रमवरून ०.६ सेकंदाला वजनाच्या ६० टक्के मिळाले असं समजा, आणि डक्टाइल फ्रेमसाठी कपातीचा गुणक ५ घ्या, म्हणजे बलाला ५ ने भागा. तळाशी येणारं बल १२०० किलोन्यूटन. ते मजल्यांवर वजन आणि उंचीच्या प्रमाणात वाटू. युरोकोड सरळ उंचीचं प्रमाण घेतो, आयएस उंचीचा वर्ग घेतो. सरळ प्रमाणात खालून वर ८०, १६०, २४०, ३२० आणि ४०० किलोन्यूटन येतात. बेरीज वरून खाली करत आलं की तळमजल्याच्या वाट्याला पुरे १२०० येतात.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे हाताने करायचं. एका दिशेला चार फ्रेम, म्हणजे प्रत्येकीला ३००. जुन्या पोर्टल पद्धतीने (आतला कॉलम कडेच्याच्या दुप्पट बल घेतो असं धरून) आतल्या कॉलमला १००, कडेच्या कॉलमला ५०. आतल्या कॉलमचा मोमेंट (वाकवणारा जोर) १०० गुणिले निम्मी उंची, म्हणजे १६० किलोन्यूटन-मीटर. त्याच्यावरच्या मजल्यात हाच आकडा १५० च्या आसपास येतो. दोन्हींची बेरीज पहिल्या स्लॅबच्या जोडावर दोन बीममध्ये वाटली जाते, प्रत्येकाला साधारण १५५. सॉफ्टवेअरने ५५ किंवा ४०० दाखवलं तर मॉडेलमध्ये काहीतरी घोळ आहे, हे पाच मिनिटांत कळतं.

पायरी ३: किती सरकेल ते पाहा

कपातीचा गुणक घेऊन आपण बल कमी केलं, पण सरकणं कमी झालेलं नाही. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत मजल्याच्या उंचीच्या ०.००४ ही मर्यादा आहे. ३.२ मीटरच्या मजल्यावर ती १२.८ मिलिमीटर होते. काहींना ती फार कडक वाटते, पण ती कमी केलेल्या बलाखालची आहे. कपातीच्या ५ ने गुणली की ६४ मिलिमीटर, म्हणजे उंचीच्या २ टक्के. अमेरिकन पद्धतीत सरकणं वाढवून घेऊन साधारण इमारतींना बहुधा तेवढीच मर्यादा लावतात. भाषा वेगळी, मुक्काम एकच. कॉलमच्या माथ्याला त्याच्या तळापासून ६४ मिलिमीटर बाजूला गेलेलं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सगळं डिटेलिंग (सळया-रिंगांची मांडणी) कशासाठी ते लक्षात येईल.

सरकणं काढताना काँक्रीट तडकलेलं आहे असं धरा: बीमचा ३५ टक्के आणि कॉलमचा ७० टक्के जडत्वाघूर्ण (छेदाचा वाकण्याला होणारा विरोध). पूर्ण छेद धरला की आकडे देखणे येतात आणि खोटे असतात. शेजारच्या इमारतीपासून ठेवायचं अंतरही या वाढवलेल्या सरकण्यावरूनच ठरतं.

पायरी ४: बीमला वाकू द्या, कातरू देऊ नका

इथे १९७० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉली यांनी रुजवलेली कपॅसिटी डिझाइनची कल्पना येते. साखळीतली एक कडी मुद्दाम लवचीक ठेवायची आणि बाकीच्या कड्या त्या कडीपेक्षा जास्त ताकदीच्या करायच्या. साखळी कितीही ओढली तरी ताण त्या लवचीक कडीच्या ताकदीपलीकडे जातच नाही. आपल्या फ्रेममध्ये ही लवचीक कडी म्हणजे बीमची टोकं.

समजा, ३०० बाय ४५० चा बीम विश्लेषणाप्रमाणे डिझाइन केला आणि टोकाशी त्याची क्षमता वरच्या सळयांनी २२० किलोन्यूटन-मीटर, खालच्या सळयांनी १३० आली. खालची क्षमता वरच्याच्या निम्म्याहून जास्त हवीच, कारण हादरा उलटला की ताण खाली येतो. आता रिंगांसाठी, म्हणजे मुख्य सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांसाठी, कातरबल (आडवं कापू पाहणारं बल) विश्लेषणातून उचलायचं नाही. दोन्ही टोकं पूर्ण ताकदीने वाकली तर किती येईल ते काढायचं. आयएस १३९२० (डक्टाइल डिटेलिंगचा भारतीय कोड) प्रमाणे २२० आणि १३० ची बेरीज ३५०, गुणिले १.४, भागिले मोकळी लांबी ४ मीटर: १२२ किलोन्यूटन. त्यात स्लॅबच्या भाराचे ६० मिळवले की १८२. विश्लेषणात भूकंपाचं कातरबल फक्त ७० च्या आसपास होतं.

हा १.४ कुठून आला? सळई बाजारात येते ती कागदावरच्या ५०० मेगापास्कलपेक्षा बहुधा जास्त ताकदीची असते आणि ताणल्यावर आणखी कडक होते. म्हणूनच भूकंपाच्या कामात जास्त ताकदीची सळई मिळाली म्हणून खूश व्हायचं नसतं.

एका कामावर मी हे जवळून पाहिलं आहे. साइटवरच्या सुपरवायझरने ‘सेफ्टीसाठी’ बीमच्या टोकाला वर-खाली प्रत्येकी दोन जादा सळया टाकल्या होत्या आणि अभिमानाने दाखवल्या. अशा जादा सळयांनी आपल्या बीमची क्षमता ३०० आणि २०० झाली तर कातरबल होतं २३५. रिंगा मात्र १८२ च्याच. म्हणजे वाकण्याआधी तो बीम कातरून फुटणार. त्याला हे पटवायला चहाचे दोन कप लागले आणि सळया काढायला एक दिवस.

रिंगांचं अंतर: कॉलमच्या तोंडापासून बीमच्या परिणामी खोलीच्या (एका कडेपासून पलीकडच्या ताणातल्या सळईपर्यंतच्या खोलीच्या) दुप्पट लांबीत, म्हणजे इथे ८०० मिलिमीटरमध्ये, रिंगा दाट हव्यात. खोलीचा चौथा भाग, सर्वांत बारीक मुख्य सळईच्या व्यासाच्या ६ पट आणि १०० मिलिमीटर, यांतलं सर्वांत कमी अंतर घ्या. ४०० खोली आणि २० च्या सळईला ते १०० येतं. पहिली रिंग तोंडापासून ५० वर, म्हणजे प्रत्येक टोकाला नऊ रिंगा. या पट्ट्यात लॅप, म्हणजे सळईला सळई लावून केलेला जोड, अजिबात नको.

पायरी ५: कॉलम बीमपेक्षा दणकट

बीमची टोकं वाकली तर इमारत तडकते, पण उभी राहते. एका मजल्यातले सगळे कॉलम वर-खाली वाकले तर तो मजला पत्त्यांसारखा बसतो. म्हणून प्रत्येक जोडावर कॉलमच्या क्षमतांची बेरीज बीमच्या क्षमतांच्या बेरजेपेक्षा जास्त ठेवायची. किती जास्त, यावर कोडांचं एकमत नाही: एसीआय ३१८ (अमेरिकेचा काँक्रीटचा कोड) मध्ये १.२ पट, युरोकोड ८ मध्ये १.३ आणि आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत १.४. आपल्या जोडावर बीमची बेरीज ३५०, म्हणजे कॉलमची ४२० ते ४९० हवी. वरच्या आणि खालच्या कॉलमला प्रत्येकी २१० ते २४५. विश्लेषणाने १६० मागितले होते हे आठवा.

दोन चुका नेहमी सापडतात. पहिली, कॉलमची क्षमता अक्षीय (उभ्या) भाराबरोबर बदलते, आणि तपासताना ज्या भाराला ती सर्वांत कमी येते तो घ्यायचा असतो. सोयीचा भार घेतला की सगळे जोड कागदावर पास होतात. दुसरी, बीमच्या क्षमतेत त्याला चिकटलेल्या स्लॅबमधल्या सळया धरायच्या राहून जातात. त्या बीमला वरच्या बाजूने चांगलीच मदत करतात, म्हणजे कॉलमची अडचण वाढवतात. १.२ पटीवर नेमके बसवलेले कॉलम मला म्हणूनच कधी पटत नाहीत.

एवढं करूनही तळमजल्याच्या कॉलमचा पायाजवळचा भाग वाकणारच, त्याला इलाज नाही. तिथे वाकणं मान्य करून काँक्रीट रिंगांनी घट्ट बांधायचं.

पायरी ६: काँक्रीट बांधून ठेवणं

आता ऑलिव्ह व्ह्यूकडे. त्या इमारतीत ज्या कॉलमना सलग स्पायरल गुंडाळलेली होती, त्यांचं कव्हर, म्हणजे सळयांबाहेरचं काँक्रीट, गळून पडलं, पण आतला गाभा शाबूत राहिला आणि कललेल्या अवस्थेतही ते भार पेलत राहिले. साध्या, विरळ रिंगांचे कोपऱ्यातले कॉलम चक्काचूर झाले. एकाच इमारतीत, एकाच हादऱ्यात. हा फरक कित्येक व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवतो.

कॉलमच्या दोन्ही टोकांना ज्या लांबीत दाट रिंगा हव्यात ती तीन आकड्यांतली मोठी घ्या: कॉलमची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा भाग, किंवा ४५० मिलिमीटर. ४५० बाय ४५० च्या कॉलमला २७५० मिलिमीटर मोकळ्या उंचीत ती ४६० येते. तिथे रिंगा १०० मिलिमीटरवर. ४५० च्या कॉलममध्ये एक बाहेरची रिंग पुरत नाही, मधल्या सळयांना आडवे हूक द्या. लॅप उंचीच्या मधल्या निम्म्या भागात. स्लॅबच्या लगेच वर लॅप घेणं साइटला सोयीचं असतं, पण तीच जागा सर्वांत जास्त वाकते.

आणि हूक. रिंगेची टोकं १३५ अंशांत गाभ्यात वळवलेली हवीत, पुढे निदान व्यासाच्या ६ पट लांबी, आणि एसीआयप्रमाणे ती ७५ मिलिमीटरहून कमी नको. ८ मिलिमीटरच्या रिंगेला ७५ च लागू होते. ९० अंशांचं टोक कव्हरमध्ये राहतं. कव्हर गळालं की रिंग उघडते आणि तिच्यासाठी केलेला सगळा हिशेब फुकट जातो.

पायरी ७: जोड

बीम आणि कॉलम जिथे मिळतात तो चौकोन. बहुतेक ड्रॉइंगवर तिथे रेघा एकमेकांवर चढलेल्या असतात आणि आत काय आहे ते कुणी दाखवत नाही. हिशेब करून पाहा. एका बाजूच्या बीमची वरची सळई १२५० चौरस मिलिमीटर ताणात, दुसऱ्या बाजूची खालची ७५० ताणात. दोन्ही जोडाला एकाच दिशेने कातरतात. १.२५ पट यील्ड धरलं तर २००० गुणिले ६२५, म्हणजे १२५० किलोन्यूटन. त्यातून कॉलमचं कातरबल वजा केलं तरी अकराशेच्या वर उरतात. कॉलमला विश्लेषणात १०० होते! म्हणून कॉलमच्या रिंगा जोडातूनही चालू ठेवाव्या लागतात. त्या घालणं त्रासाचं आहे, मान्य. बीमचा पिंजरा बसवण्याआधी त्या सरकवून ठेवल्या तरच जमतं, नंतर कोणी घालत नाही.

शिवाय बीमची सळई जोडातून घसरू नये म्हणून कॉलमची खोली सळईच्या व्यासाच्या निदान २० पट हवी. ४५० च्या कॉलममधून २० ची सळई चालते, २५ ची नाही. कडेच्या कॉलममध्ये बीमची सळई पार पलीकडच्या बाजूपर्यंत नेऊन मगच खाली वळवा.

भिंतींचं काय

बहुतेक मॉडेलमध्ये भिंती नुसता भार म्हणून येतात. प्रत्यक्षात विटांची भिंत फ्रेममध्ये तिरक्या दांड्यासारखी अडते आणि सगळं बलाचं चित्र बदलते. एकतर तिला तो दांडा म्हणून मॉडेलमध्ये घ्या, नाहीतर फ्रेमपासून खरोखर वेगळी ठेवा.

खिडकीखालची अर्धी भिंत त्याहून घातक. कॉलमची मोकळी उंची निम्मी झाली की त्याचा ताठपणा आठपट होतो, कारण तो लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. शेजारच्या पूर्ण उंचीच्या कॉलमचा वाटाही मग तोच ओढून घेतो आणि तिरका फुटतो. अशा कॉलमला पूर्ण उंचीभर दाट रिंगा द्या.

स्टीलची फ्रेम असेल तर तत्त्व हेच, पण कमकुवत जागा वेगळी. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिजच्या भूकंपानंतर बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या इमारतींमध्ये बीम आणि कॉलम यांच्यातले वेल्ड ठिसूळपणे तडकलेले सापडले. त्यानंतर बीमचा फ्लँज (वरची-खालची आडवी पट्टी) कॉलमपासून थोड्या अंतरावर मुद्दाम कापून अरुंद करण्याची पद्धत रूढ झाली, म्हणजे वाकणं वेल्डपासून दूर घडतं. बीम कमजोर करून इमारत सुरक्षित करायची, हे मालकाला समजावणं त्या कापकामाहून अवघड जातं.

पायरी ८: काँक्रीट ओतण्याआधीचा अर्धा तास

ड्रॉइंगवर जोडाचा एक मोठा तपशील स्वतंत्र काढा, हूकचा कोन आकड्यात लिहा आणि बदल करायचा असेल तर विचारा, असं ठळक लिहून ठेवा. सळईच्या चाचणीचा अहवाल पाहताना यील्ड किमान मर्यादेच्या वर आहे एवढ्यावर थांबू नका. तुटण्याची ताकद यील्डपेक्षा पुरेशी जास्त आहे का, एसीआयप्रमाणे निदान १.२५ पट, तेही बघा.

मग शटरिंगवर चढा आणि बरोबर एक काठी ठेवा, जिच्यावर १०० मिलिमीटरच्या खुणा केलेल्या आहेत. कॉलमच्या तोंडापासून ती बीमवर ठेवली की टेप न काढताही रिंगा मोजता येतात. टॉर्च जोडात टाका. आत रिंगा दिसल्या नाहीत तर ओतकाम थांबवा, बाहेर मिक्सर उभा असला तरी. शेवटी कुठल्याही चार रिंगांच्या टोकांत बोट घालून पाहा. टोक आत वळलेलं असेल तर बोट गाभ्याकडे जातं. बाहेर शटरच्या फळीला लागलं, तर फिटरला पाना घेऊन वर बोलवा.